जुनं युद्ध-कॉमिक उघडताना आधी शेवटचं पान बघा

इंदूरच्या खजुरी बाजारात किंवा महूकडच्या एखाद्या रद्दीच्या ढिगात खिशात मावणारं जुनं इंग्रजी युद्ध-कॉमिक हाती लागलं, की नजर जाते कव्हरवर. रणगाडा, स्फोट, दात-ओठ खाणारा सार्जंट. ते राहू द्या, मागून उघडा. या गोष्टींतला हळवेपणा बहुधा शेवटच्या दोन पानांत असतो, आणि अंकातून आधी गळतात तीही तीच.

मधोमध पिना मारलेल्या अंकात पहिलं आणि शेवटचं पान एकाच कागदावर असतं. ६४ पानी अंकात, कव्हर सोडून आकडे १ पासून असतील, तर कागदाच्या एकाच बाजूवर छापलेल्या दोन पानांच्या आकड्यांची बेरीज ६५ येते. म्हणजे १० नंबरचं पान नसेल तर ५५ सुद्धा नसणार. दुकानात उभ्याउभ्या एवढा हिशोब करा, मगच भावाचं बोला.

घरी आल्यावर आधी पिना. गंजलेली पिन बाहेरून ओढली की कागदाचा लचका तुटतो. अंक मधोमध उघडा, बोथट पातळ सुरीने पिनेचे दोन्ही पाय आतून सरळ करा, मग कण्याच्या बाजूने पिन अलगद काढा. गंजाची भुकटी मऊ कोरड्या ब्रशने झटका. पाणी लावलंत तर डाग पसरेल. नवी पिन स्टेनलेस स्टीलची, आणि जुन्याच भोकांतून.

फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका. काही वर्षांत टेप निघून जाते आणि पिवळा चिकट पट्टा नेमका चेहऱ्यावर राहतो. कुरडयांसाठी काढतो तो गव्हाचा चीक इथे कामाचा, मात्र बिनमिठाचा. तळाशी बसलेला पांढराशुभ्र थर वाळवून ठेवा. १ चमचा भुकटीला ५ चमचे पाणी, मंद आचेवर ढवळत पारदर्शक होईपर्यंत शिजवा, गार झाल्यावर मलमलीतून गाळा. ही खळ फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस टिकते. आंबूस वास आला की फेकून द्या. जपानी टिश्यूची, म्हणजे लांब तंतूंच्या पातळ कागदाची, ८ मिलिमीटरची पट्टी कात्रीने न कापता ओल्या ब्रशने रेघ मारून फाडा, म्हणजे कडेचे तंतू कागदात मिसळतात. खळ अगदी पातळ लावा. जाड थर वाळताना पान आकसतं, शिवाय कसरीला मेजवानी. वर-खाली बटर पेपर, मग टीपकागद, त्यावर जाड शब्दकोश, रात्रभर.

हे काम मे महिन्यात काढू नका. माळव्याच्या कोरड्या उन्हाळ्यात जुना न्यूजप्रिंट घडीवर कडकन तुटतो, पावसाळ्यात खळ वाळता वाळत नाही. दिवाळीच्या आसपासचे दिवस बरे. आणि हो, शेव खाल्लेली बोटं धुऊन.

आता वाचन, दोनदा. पहिल्यांदा लढाईसाठी, भरभर. दुसऱ्यांदा फक्त ती चित्रं बघा ज्यांत धडाम-धूम नाही: पत्र लिहिणारा हात, रिकामा बिछाना, मित्राची टोपी. स्कॉटलंडच्या डंडीहून १९६१पासून निघणाऱ्या ‘कमांडो’ या मालिकेत एका पानावर दोन-तीनच चित्रं मावतात, तिथे लढाई थांबवून एक चित्र नुसत्या चेहऱ्याला दिलं असेल, तर ते उगाच नाही.

लेखक पॅट मिल्स आणि चित्रकार जो कोल्हून यांची ‘चार्लीज वॉर’ ही ब्रिटिश चित्रमालिका १९७९ साली सुरू झाली. वय लपवून पहिल्या महायुद्धात भरती झालेल्या पोराची ही गोष्ट. त्याची घरी धाडलेली पत्रं मुद्दाम अशुद्ध लिहिलेली आहेत. मुलांना मराठीत वाचून दाखवताना ती शुद्ध करू नका. ‘मी ठिक आहे, काळजि करु नका’ असंच कागदावर उतरवून दाखवा. ऱ्हस्व-दीर्घ सुधारलंत की पोरगा एकदम मास्तर वाटायला लागतो. पत्रातलं ‘सगळं ठीक’ आणि शेजारच्या चित्रातला चिखल एकत्र वाचा, गोष्ट त्या दोहोंच्या मधे आहे.

अमेरिकी अंकांत चित्रकार जो क्यूबर्टची रेघ शोधा. १९६५ साली आलेल्या त्याच्या आणि लेखक रॉबर्ट कॅनिगरच्या ‘एनिमी एस’चा नायक जर्मन वैमानिक आहे, जमिनीवर उतरल्यावर त्याला सोबत कोणाची, तर जंगलातल्या एका लांडग्याची. क्यूबर्ट संपादक असताना गोष्टीच्या शेवटी ‘मेक वॉर नो मोअर’ (आता युद्ध नको) हा छोटा गोल शिक्का येऊ लागला. तो कोपऱ्यात असतो, आणि फाटका कोपरा कापून टाकायची घाई करणारे तो हमखास गमावतात.

वाचून झाल्यावर अंक पॉलिप्रॉपिलीनच्या पिशवीत, पाठीला आम्लमुक्त पुठ्ठा. पीव्हीसीचं कव्हर नको, ते शाईला चिकटतं. डांबरगोळी अंकाला टेकू देऊ नका. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, आणि खालचा कप्पा रिकामाच राहू द्या.