घरात वाजवायला छोटा वॉल्व्ह अँप घेताय? आधी वॉटचं गणित बघा

दुकानात कोणी म्हणालं की "१५ वॉटचा घ्या, घरापुरता एकदम छोटा आहे", तर लगेच मान डोलवू नका. होम थिएटरमध्ये १५ वॉट म्हणजे काहीच नाही, पण गिटारच्या वॉल्व्ह (म्हणजे काचेच्या ट्यूबवाल्या) अँपचे १५ वॉट ड्रमरच्या बरोबरीने ऐकू येतात. मी पहिला घेतला तो असाच, दोन ईएल८४ (पॉवर वॉल्व्हचा एक प्रकार) वाला, आणि वर्षभर व्हॉल्यूम दीडच्या पुढे गेलाच नाही कारण त्याच्या आधीच आई स्वयंपाकघरातून ओरडायची.

गंमत अशी की वॉट दहापट कमी केले की आवाज कानाला जेमतेम निम्मा वाटतो. गिटारचा स्पीकर एका वॉटवर मीटरभर अंतरावर सहज ९५ डेसिबलच्या आसपास जातो, म्हणजे १ वॉटचा अँपसुद्धा पूर्ण पिळला तर फ्लॅटमध्ये जोरातच, आणि आपल्याकडे रहिवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० नंतर ४५ डेसिबल आहे. म्हणून घरासाठी १ ते ५ वॉट बघा, त्याच्या वर जायचं कारण बँड असेल तरच.

आता आवाज कमीच ठेवायचा तर वॉल्व्ह कशाला, हा प्रश्न बरोबर आहे. तो जाडसर, बोटाच्या जोराप्रमाणे बदलणारा आवाज बराचसा पॉवर वॉल्व्ह (स्पीकरला ताकद देणारा) ताणला गेल्यावर येतो, मोठा अँप हळू वाजवला तर ती निम्मी मजा गेलीच. फेंडर चँपच्या जुन्या मॉडेलमध्ये एकच ६व्ही६ पॉवर वॉल्व्ह, ५ वॉट, ८ इंची स्पीकर आणि फक्त व्हॉल्यूमचं बटण, सुंदर वाजतो पण आवाज फाटायला लागेपर्यंत शेजारी दारात. त्यामुळे मास्टर व्हॉल्यूम (शेवटचा एकूण आवाज वेगळा कमी करायचं बटण) हवाच, आणि पॉवर कमी करायचा स्विच असेल तर फारच छान. मार्शल डीएसएल१ मध्ये १ वरून ०.१ वॉटवर जाता येतं, वॉक्सच्या एसी४टीव्ही मध्ये ४, १ आणि पाव वॉट होतं (मिळाला तर जुना बघा). ब्लॅकस्टार एचटी-१ ला हेडफोन लावता येतो, रात्री वाजवणाऱ्यांनी हे आधी बघा, बाकी नंतर.

स्पीकर ८ इंची असेल तर आवाज थोडा डब्यातल्यासारखा येतो, १० किंवा १२ इंची जास्त भरलेला वाटतो. रिव्हर्ब (आवाज घुमवणारा इफेक्ट) नसला तरी चालेल, त्याचं वेगळं पेडल मिळतं.

दुकानात पण पूर्ण आवाजात वाजवून भारावून जाऊ नका, तिथे सगळेच अँप भारी वाटतात. दुकानदाराला सांगा की मी बेडरूममध्ये वाजवतो तेवढ्याच आवाजात ऐकायचाय, आणि स्वतःची गिटार घेऊन जा. मग गिटारचं व्हॉल्यूम कमी करून बघा, आवाज साफ होतो की नुसता मेल्यासारखा होतो. काही न वाजवता गुणगुण किती येते तेही ऐका, सिंगल कॉइल पिकअपची गिटार असेल तर थोडी येणारच.

अमेरिकेतून कोणी अँप आणत असेल तर मागची पट्टी वाचायला सांगा. चुलतभावाने आणलेला १२० व्होल्टचा होता, आम्ही उत्साहात थेट २३० मध्ये घातला, फटकन फ्यूज गेला, नशीब तेवढ्यावरच निभावलं. व्होल्टेज उतरवणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत विचारा, पण अँप जेवढी वीज खेचतो त्यापेक्षा जास्त क्षमतेचा घ्या. जुन्या बिल्डिंगमध्ये अर्थिंग आधी तपासून घ्या, गिटारच्या तारांना हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर वाजवणं बंद.

वॉल्व्ह झिजतात, बदलावे लागतात. ईसीसी८३ (प्रीअँपचा, म्हणजे सुरुवातीचा छोटा वॉल्व्ह) आणि ईएल८४ नवीन मिळतात, आणि ईएल८४ तर आजोबांच्या काळातल्या फिलिप्स रेडिओंमध्येही असायचा. तापायलाही तसाच अर्धा मिनिट द्या. स्पीकर जोडल्याशिवाय चालू करायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो, आणि प्लग काढला म्हणून मागचं झाकण उघडून आत हात घालू नका, कपॅसिटरमध्ये तीनशे-चारशे व्होल्ट नंतरही बराच वेळ बसलेले असू शकतात.