थायरॉइडच्या उपचारात घाई नडते: ओपीडीत रोज दिसणाऱ्या या चुका टाळा

टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं पिच्युइटरी ग्रंथीचं हार्मोन, थायरॉइड कमी पडला की ते वाढतं) ५.८. शेजारी ठळक अक्षरात ‘हाय’. पुढच्या पाच मिनिटांत पेशंटच्या हातात ५० मायक्रोग्रॅम लेव्होथायरॉक्सिनची (थायरॉइड हार्मोनच्या गोळीची) चिठ्ठी, वर ‘ही गोळी आता कायमची’ हे वाक्य. फ्री टी-फोर (रक्तातलं खुद्द थायरॉइड हार्मोन) केलेला नाही, तपासणी पुन्हा केलेली नाही, मानेला हातसुद्धा लावलेला नाही. अशा चिठ्ठ्या मी इतक्या पाहिल्या आहेत की आता राग येण्याऐवजी कंटाळा येतो. थायरॉइड हा फॅमिली डॉक्टरनेच सांभाळायचा आजार आहे, बहुतेक पेशंटना एंडोक्रिनॉलॉजिस्टकडे (हार्मोनच्या तज्ज्ञाकडे) जावंही लागत नाही. पण त्याला धीर लागतो, आणि नव्याने प्रॅक्टिस सुरू केलेल्या मंडळींकडे नेमकी त्याचीच टंचाई असते.

एका रिपोर्टवर जन्माची गोळी

टीएसएच हा स्थिर आकडा नाही. रात्री आणि पहाटे तो वर असतो, दुपारी उतरतो. मोठ्या आजारातून उठताना काही दिवस तो चांगलाच वाढलेला दिसू शकतो, म्हणून वॉर्डात दाखल असलेल्या माणसाचा थायरॉइड सबळ कारणाशिवाय तपासूच नये. फ्री टी-फोर नॉर्मल आणि टीएसएच ४.५ ते १० च्या दरम्यान, याला सबक्लिनिकल हायपोथायरॉइडिझम, म्हणजे थायरॉइड किंचित कमी पडणं, म्हणतात. तिथे पहिलं औषध म्हणजे थांबणं. दोन-तीन महिन्यांनी टीएसएच आणि फ्री टी-फोर पुन्हा करा, सोबत अँटी-टीपीओ (थायरॉइडवर उलटलेल्या अँटीबॉडीची तपासणी) एकदा करा. बऱ्याच जणांचा आकडा तेवढ्यात आपोआप जागेवर येतो.

वयाचाही हिशेब धरा. सत्तरी ओलांडलेल्या माणसाचा टीएसएच ६-७ असला तर तो त्या वयाला साजेसा असू शकतो. लॅबचा रिपोर्ट मात्र पंचविशीच्या आणि पंच्याऐंशीच्या माणसाला एकच पट्टी लावतो. २०१७ साली ‘ट्रस्ट’ नावाच्या चाचणीचे निष्कर्ष आले. पासष्टीच्या पुढचे, सबक्लिनिकल हायपोथायरॉइडिझम असलेले ७३७ जण, सरासरी वय ७४. निम्म्यांना लेव्होथायरॉक्सिन, निम्म्यांना खोटी गोळी. वर्षभराने गोळीवाल्यांचा टीएसएच छान खाली आला होता. थकवा आणि इतर तक्रारी दोन्ही गटांत सारख्याच. रिपोर्ट सुधारला, माणूस होता तिथेच.

मग गोळी द्यायची कुणाला? पुन्हा केलेल्या तपासणीतही टीएसएच १० च्या वर असेल तर मी देतो. गरोदर असलेल्या किंवा दिवस राहण्यासाठी प्रयत्न करणाऱ्या बाईच्या बाबतीत इतका वेळ थांबत नाही. तरुण पेशंट, स्पष्ट लक्षणं, अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह आणि आकडा चढता असेल, तर तीन ते सहा महिने देऊन बघतो. ‘बघतो’ याचा अर्थ फरक पडला नाही तर बंद करतो. सुरू करणारे शेकडो भेटतात, बंद करणारा विरळा.

वजनाबद्दल एकच: खराखुरा हायपोथायरॉइडिझम असला तरी त्याने वाढणारं वजन साधारण दोन-चार किलोचं, आणि त्यातही पाणी-मिठाचा वाटा मोठा. पंधरा किलोंचं खापर ५.८ वर फोडू नका. पेशंटला ते ऐकायला आवडतं, म्हणून तर मुळीच नको.

सरसकट तपासणी आणि राहून गेलेली तपासणी

कुठलीच तक्रार नसलेल्या प्रौढांचं सरसकट स्क्रीनिंग करावं की नाही, हे ठरवण्याइतका पुरावा नाही, असं अमेरिकेच्या प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्सने २०१५ मध्ये नोंदवलं. ‘फुल बॉडी’ पॅकेजमध्ये थायरॉइड कोंबणाऱ्यांना त्याच्याशी देणंघेणं नसतं. त्याच वेळी ज्यांचा करायला हवा त्यांचा राहून जातो. कोलेस्टेरॉल वाढलं म्हणून स्टॅटिन लिहिताना, नव्याने एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे अनियमित ठोके) सापडल्यावर, नैराश्य किंवा विसरभोळेपणा घेऊन माणूस आल्यावर, पाळी बिघडल्यावर टीएसएच पाहिलाच पाहिजे. टाइप वन मधुमेह, डाउन सिंड्रोम, मानेला पूर्वी दिलेलं रेडिएशन, लिथियम (मनोविकारावरचं औषध), अ‍ॅमिओडॅरोन यांपैकी काही असेल तर ठरावीक काळाने पाहत राहायचा. अ‍ॅमिओडॅरोनच्या वजनात ३७ टक्के आयोडीन असतं. ते हृदयासाठी सुरू होतं, म्हणून थायरॉइडची आठवण कुणालाच राहत नाही.

नवजात बाळ हा मात्र सरळ अपवाद. जन्मजात हायपोथायरॉइडिझम साधारण २००० ते ४००० बाळांमागे एकाला असतो, आणि यातली बहुतेक बाळं जन्मतः अगदी ठणठणीत दिसतात. टाचेतून रक्त घेऊन तपासणी झाली का, रिपोर्ट कुणी पाहिला का, हे पहिल्या लसीकरणाच्या वेळी विचाराच. उपचार पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाले तर मेंदूची वाढ वाचते. इथे घाईच करायची.

डोस वाढवण्याआधी गोळ्यांचा डबा उघडा

ही माझी सगळ्यात नावडती चूक.

साठीच्या आसपासच्या एक काकू फाइल घेऊन आल्या. फाइल जाडजूड. पहिला डोस ७५, टीएसएच १८. मग १००, मग १२५, मग १५०. मध्येच टीएसएच ०.०३, छातीत धडधड, हात थरथरतात, म्हणून डोस परत १००. पुढच्या रिपोर्टमध्ये २६, की पुन्हा १५०. पुढे १७५. वेगवेगळ्या डॉक्टरांची अक्षरं, पण प्रत्येकाने केलं तेच: आकडा बघितला, डोस हलवला. वजन ५४ किलो. किलोला १.६ मायक्रोग्रॅम धरले तर ग्रंथी पूर्ण बंद पडली असली तरी साधारण ८५-९० पुरायला हवेत. दुप्पट डोस लागतोय म्हणजे गोळी पोटात जाते पण रक्तात पोहोचत नाही, एवढा संशय कुणाला तरी यायला हवा होता.

“काकू, गोळी कशी घेता?”

“सकाळी उठल्या उठल्या, उपाशीपोटी. अगदी न चुकता.”

“डबा आणलाय?”

आणला होता. सात दिवसांचा, खणांचा. सोमवारच्या सकाळच्या खणात थायरॉइडची छोटी गोळी, तिच्या शेजारी कॅल्शियमची भलीमोठी, आणि लोहाची लाल. “सगळ्या एकदम घेतल्या की विसरायला होत नाही ना, डॉक्टर.” कॅल्शियम आणि लोह कुठल्याशा हाडांच्या डॉक्टरांनी तीन महिन्यांचा कोर्स म्हणून दिलं होतं. कोर्स संपला की बंद, पाय दुखायला लागले की परत सुरू. मी त्या चिठ्ठ्यांच्या तारखा टीएसएचच्या तारखांशेजारी लिहून काढल्या. कॅल्शियम बंद झाल्यावर टीएसएच तळाला, सुरू झाल्यावर आभाळाला. कॅल्शियम आणि लोह लेव्होथायरॉक्सिनला आतड्यातच धरून ठेवतात, त्यामुळे ते शोषलं जात नाही. किमान चार तासांचं अंतर लागतं. चिठ्ठीवर ‘उपाशीपोटी’ लिहिलेलं होतं, काकूंनी ते तंतोतंत पाळलं होतं. चार तासांचं मात्र त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं.

कॅल्शियम दुपारच्या जेवणाबरोबर नेलं, लोह रात्री, थायरॉइडची गोळी एकटी सकाळी. त्याच दिवशी डोस १०० वर आणला. हे विसरू नका, कारण १७५ चा डोस नीट शोषला जायला लागला असता तर आठवड्याभरात धडधड परत आली असती. आठ आठवड्यांनी टीएसएच ३ च्या आत.

तेव्हापासून ‘गोळी नियमित घेता ना?’ हा प्रश्न मी विचारतच नाही. त्याला सगळे ‘हो’च म्हणतात. ‘काल सकाळी उठल्यापासून पोटात काय काय गेलं, क्रमाने सांगा’ असं विचारतो. कॉफी निघते, अ‍ॅसिडिटीची कॅप्सूल निघते, सोयाची पावडर निघते. सकाळी जमतच नसेल तर रात्री झोपताना, जेवणानंतर तीन तासांनी घेतली तरी चालते. गोळी बुडाली तर दुसऱ्या दिवशी दोन घेता येतात. टीएसएच चढलेला पण फ्री टी-फोर वरच्या टोकाला असेल तर समजा, महिनाभर गोळ्या बुडाल्यात आणि तपासणीच्या आधीचे चार दिवस इमानेइतबारे घेतल्यात. परीक्षेच्या आदल्या रात्री अभ्यास करणारे विद्यार्थी सगळीकडे असतात.

आणि डोस बदलल्यावर दोन आठवड्यांत टीएसएच करू नका. लेव्होथायरॉक्सिनचं अर्धायुष्य साधारण सात दिवसांचं. रक्तातली पातळी स्थिरावायला पाच-सहा आठवडे जातात, म्हणून तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी. त्याआधीच्या आकड्यावर डोस हलवला की तुम्ही स्वतःच्याच शेपटीमागे धावताय.

टीएसएच नॉर्मल, माणूस नाही

सतत थकलेली, थंडी सोसत नाही, चेहरा फिकट आणि सुजरा, अशी एक तरुण आई. दरवेळी टीएसएच २ च्या आसपास, दरवेळी ‘थायरॉइड नॉर्मल, टेन्शन घेऊ नका’. फ्री टी-फोर केला तर तळाला. विचारल्यावर कळलं, बाळंतपणात प्रचंड रक्तस्राव झाला होता, दूध आलंच नाही, पाळी परत सुरू झालीच नाही. हा शीहान सिंड्रोम. पिच्युइटरीच निकामी झालेली, मग टीएसएच वाढवणार कोण? अशा पेशंटला आधी थायरॉइडची गोळी देऊ नका. कॉर्टिसॉलही (शरीराला ताण झेलायला लागणारं हार्मोन) कमी असण्याची दाट शक्यता असते, आणि थायरॉक्सिनमुळे उरलंसुरलं कॉर्टिसॉल झपाट्याने खर्च होऊन जिवावर बेतू शकतं. आधी कॉर्टिसॉलची तपासणी आणि स्टेरॉइड, नंतर थायरॉक्सिन. पुढे डोस ठरवताना टीएसएचकडे बघायचंच नाही, फ्री टी-फोर बघायचा.

टीएसएच कमी म्हणजे लगेच कार्बिमाझोल नव्हे

बाळंतपणानंतरचे पहिले काही महिने किंवा व्हायरल तापानंतर मान दुखतेय, अशा वेळी टीएसएच खाली गेला (म्हणजे रक्तात थायरॉइड हार्मोन जास्त झालं) तर थायरॉइडायटिसचा, म्हणजे ग्रंथीच्या सुजेचा, विचार आधी करा. तिथे ग्रंथी जास्त हार्मोन बनवत नसते, साठवलेलं सांडत असते. कार्बिमाझोल बनवणं थांबवतं, सांडणं नाही. धडधडीसाठी प्रोप्रॅनोलॉल (दमा असेल तर नको), आणि वाट. पुढे काही महिने उलट हायपोचा टप्पा येऊ शकतो, तोही बहुतेकदा ओसरतो. शंका असेल तर टीएसएच रिसेप्टर अँटीबॉडी (ग्रेव्हज ओळखायची तपासणी) करा.

ग्रेव्हज (ग्रंथी खरोखरच जास्त हार्मोन बनवते तो आजार) पक्का असेल तर कार्बिमाझोल जरूर द्या, पण ‘ताप आला किंवा घसा दुखला तर गोळी बंद, त्याच दिवशी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी)’ हे चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहा. नुसतं तोंडी सांगितलेलं दाराबाहेर जाईपर्यंत विसरतात. आणि टीएसएच कित्येक महिने दबलेलाच राहतो, त्यावरून डोस वाढवू नका. फ्री टी-फोर आणि टी-थ्री (दुसरं थायरॉइड हार्मोन) बघा.

राहिलेल्या, थोडक्यात

केसांसाठी बायोटिन (एक जीवनसत्त्व) घेणाऱ्यांचा रिपोर्ट काही पद्धतींत हुबेहूब ग्रेव्हजसारखा येतो. दोन-तीन दिवस बंद ठेवून पुन्हा करा.

हायपोच्या फॉलोअपला टी-थ्री कशाला? अँटी-टीपीओ दरवर्षी कशाला?

गाठ हाताला लागत नसताना सोनोग्राफी नको. दक्षिण कोरियात गळ्याच्या सोनोग्राफीची लाट आली आणि २०११ पर्यंत थायरॉइड कॅन्सरचं निदान १९९३ च्या पंधरापट झालं. मृत्यूंचं प्रमाण होतं तेवढंच राहिलं.

आधीपासून गोळीवर असलेल्या बाईने दिवस गेल्याचं कळताच आठवड्याला दोन गोळ्या जास्त घ्यायच्या आणि मग फोन करायचा. हे तिला दिवस जाण्याआधीच सांगून ठेवा.

म्हातारा माणूस, हृदयविकार: सुरुवात १२.५ किंवा २५ ने. पूर्ण डोसने सुरुवात करून अँजायना (हृदयाचं छातीत दुखणं) ओढवून घेणारे अजून आहेत.

आणि शेवटची, जी कुणाला चूक वाटतच नाही. टीएसएच ०.०५, डोस वर्षानुवर्षं १२५, फाइलवर ‘कंटिन्यू’. पेशंट म्हणतो बरं वाटतंय, डॉक्टर म्हणतो बरं वाटतंय ना. दरम्यान हाडं विरळ होत असतात आणि एट्रियल फिब्रिलेशनचा धोका वाढत असतो. मी अशांचा डोस १२.५ ते २५ ने उतरवतो आणि आठ आठवड्यांनी बोलावतो. ते कुरकुरतात, पहिले दोन आठवडे थकवा जाणवतो म्हणतात, मधल्या काळात जुना डोस परत मागायला फोन येतो. मी देत नाही.