पहिल्यांदाच युरोपच्या बंदरात उतरणाऱ्या नौसैनिकासाठी

ओडिशातल्या चिल्क्याचे नौदल प्रशिक्षण संपवून पहिल्या जहाजावर रुजू झालेली आमच्या देवगड तालुक्यातली मुले सुट्टीवर आली की मला भेटायला येतात. बहुतेकांचा प्रश्न एकच असतो : "काका, जहाज युरोपला चाललंय, लिबर्टीत, म्हणजे बंदरातल्या सुट्टीत, काय काय बघू?" आता मुलीही हेच विचारायला येतात, याचा मला फार आनंद आहे. मी नौदलात सीमन शाखेत, म्हणजे डेकवरच्या कामाच्या शाखेत, नोकरी केली आणि चीफ पेटी ऑफिसर म्हणून निवृत्त झालो. माझे उत्तर थोडे लांबते, कारण बंदरातला दिवस कसा जाणार हे आधीच्या आठवड्यात समुद्रावरच ठरते. परदेशी नौदलांबरोबरच्या सरावात झोप पुरवून घेतली, काम नीट झाले, अंगावर दुखापत नाही, नावावर तक्रार नाही, तरच ते दहा-बारा तास खऱ्या अर्थाने तुमचे होतात. म्हणून तिथपासूनच सांगतो.

मुंबई सोडण्याआधी

युरोप म्हणजे उन्हाळ्यात मजेशीर हवा, या समजुतीवर बॅग भरू नका. 2024 च्या उन्हाळ्यात आपली युद्धनौका आयएनएस तबर हॅम्बुर्ग, सेंट पीटर्सबर्ग, लंडन, मालागा अशी बंदरे करत फ्रान्समधल्या तुलाँला गेली होती. अशा फेरीत एका महिन्यात थंडी आणि ऊन दोन्ही भेटतात. उत्तर समुद्रात जुलैतसुद्धा मिडल वॉचला, म्हणजे मध्यरात्री ते पहाटे चारच्या पाळीला, उघड्या डेकवर लुकआउट म्हणून उभे राहिलात की कान बधिर होतात. लोकरीची टोपी आणि आतून घालायचे गरम कपडे हवेतच.

बाहेर जायला एक कॉलरचा शर्ट, एक साधी पँट आणि चालून मऊ झालेले बूट. नवे कोरे बूट घेऊन जाऊ नका, कुलाब्यात महिनाभर घालून वापरून घ्या. चार्जरची आपली गोल दोन पिन फ्रान्स-इटलीत चालते, ब्रिटनला मात्र तीन चपट्या पिनांचे अडॅप्टर लागते. खाऊ कोरडाच बांधून घ्या : खाकरा, चिक्की, लसणीची चटणी.

आणि फोन. 2019 च्या अखेरीस नौदलाने जहाजांवर आणि तळांवर स्मार्टफोन आणि फेसबुकवर बंदी घातली, तीही हेरगिरीचे प्रकरण उघडकीला आल्यावर. तुमच्या जहाजावर त्या वेळी जो आदेश असेल तो शब्दशः पाळा. आईला फोन जरूर करा, पण पुढचे बंदर कोणते, कधी निघणार, हे आईलाही सांगायचे नाही. ती प्रेमाने शेजारी सांगते, शेजारी गावाच्या ग्रुपवर टाकतो. उन्हाळ्यात फ्रान्स आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे आणि ब्रिटन साडेचार तास. तुम्ही तुलाँमध्ये संध्याकाळी सहाला फोन लावलात तर घरी साडेनऊ वाजलेले असतात, जेवणे उरकलेली असतात. ती वेळ उत्तम.

समुद्रावर

सुएझ कालवा 193 किलोमीटरचा आहे. ओलांडताना वॉच जास्तीचे लागतात, झोप मोडते. त्यानंतरचे पहिले दोन दिवस मिळेल तेव्हा बंक, म्हणजे झोपायची फळी, गाठा. पश्चिमेकडे जाताना घड्याळ मागे घेतात, तो मिळालेला तास गप्पांत घालवू नका.

भूमध्य समुद्र नकाशावर तळ्यासारखा दिसतो म्हणून नवी मुले निर्धास्त असतात. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर मिस्त्राल नावाचा कोरडा, गार वारा वायव्येकडून येतो. आकाश निळेभोर स्वच्छ असते आणि जहाज मात्र झुलत असते. समुद्र लागत असेल तर रिकाम्या पोटी राहू नका. कोरडी चपाती किंवा खाकरा थोडा थोडा चावत राहा, आल्याचा तुकडा तोंडात धरा, जमेल तेव्हा क्षितिजाकडे नजर ठेवा. अ‍ॅव्होमिनची गोळी घ्यायची तर मेडिकल असिस्टंटला विचारूनच, आणि घेतल्यावर वॉचच्या सीनियरला सांगून ठेवायचे, कारण तिने गुंगी येते. हे लपवण्यासारखे काहीच नाही. वर्षानुवर्षे समुद्रावर असलेल्यांनाही तो लागतो.

आता खुद्द सराव. फ्रान्सबरोबरचे नौदल सराव 1993 मध्ये सुरू झाले आणि 2001 पासून त्यांना 'वरुण' हे नाव आहे. ब्रिटनच्या रॉयल नेव्हीबरोबरचा 'कोकण' 2004 पासून चालतो. पाणबुडी शोधणे, हवाई हल्ल्याला तोंड देणे, गोळीबार, एकमेकांच्या डेकवर हेलिकॉप्टर उतरवणे हे सगळे त्यात असते. पण नव्या सीमनच्या हाताला खरे काम लागते ते रासमध्ये, म्हणजे चालत्या जहाजांनी एकमेकांना इंधन आणि सामान देण्याच्या कामात. पुष्कळदा सरावात प्रत्यक्ष काही द्यायचे नसते, नुसते आळीपाळीने जवळ यायचे असते. तरी कसोटी तीच.

दोन जहाजे चाळीस-पन्नास मीटरवर, एकाच वेगाने, एकाच दिशेने चालतात. मधल्या अरुंद पट्ट्यात पाणी वेग घेते आणि दोघांना एकमेकांकडे खेचते, म्हणून ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवतात त्या वरच्या खोलीत, एकेका अंशाने दिशा सांभाळत असतात. अशा वेळी डेकवर आरडाओरड झाली की वरच्यांचे लक्ष उडते. आधी बारीक दोर पलीकडे जातो, मग त्याला बांधलेला जाडा, मग मुख्य जॅकस्टे, म्हणजे ज्यावरून सामान सरकते तो दोर. शिवाय रंगीत बावट्यांची एक दोरी ताणलेली असते, तिच्यावरून अंतर कळते. ती धरायला तुम्हाला उभे केले तर तिला हलके काम समजू नका. ब्रिजचे डोळे त्या बावट्यांवर असतात, म्हणून ती सैल पडू द्यायची नाही.

दोर हाताला गुंडाळायचा नाही. दोराच्या वेढ्यात पाय ठेवायचा नाही. ताण आलेल्या दोराच्या रेषेत उभे राहायचे नाही, कारण तुटला तर तो त्याच रेषेत उलटा येतो. अंगठी, घड्याळ, गळ्यातली चेन मेसमध्ये काढून ठेवायची, लग्नाची अंगठीसुद्धा. हेल्मेटचा पट्टा बांधलेला आणि लाइफजॅकेट आवळलेले हवे. ज्यांनी गावच्या किनाऱ्यावर रापण, म्हणजे सगळ्यांनी मिळून ओढायचे मोठे जाळे, ओढली आहे त्यांना बाकीचे सांगावे लागत नाही. तिथल्यासारखाच सगळ्यांचा जोर एका हाकेवर लागतो आणि एका हाकेवर सुटतो. पलीकडचा फ्रेंच सीमन तुमची भाषा बोलत नाही, पण हातातल्या रंगीत बॅटांच्या खुणा दोघांनाही सारख्याच समजतात. त्या आधल्या रात्री पाठ करा. रेडिओवर बोलायची पाळी आली तर इंग्रजी सुंदर असण्याची गरज नाही. ठरलेले शब्द, ठरलेल्या क्रमाने, सावकाश म्हणायचे.

त्यांच्या जहाजावर दिवसभरासाठी कोण जाणार असे विचारले तर आधी तुम्ही पुढे व्हा. त्यांचे दोर कसे गुंडाळलेले असतात, आग विझवायचे सामान कुठे टांगलेले असते, ते बघून या. वर्गात मिळणार नाही असे शिक्षण आहे ते.

बंदरात शिरताना

पांढऱ्या गणवेशात डेकच्या कडेने रांगेत उभे राहावे लागते, कधी कधी बराच वेळ. गुडघे ताठ आवळून उभे राहू नका, चक्कर येते. आधी पाणी प्या आणि बुटातल्या बुटात बोटे हलवत राहा.

जहाज लोकांना बघायला खुले होते तेव्हा तिथे राहणारी भारतीय कुटुंबे येतात. कोणाच्या तरी तोंडून मराठी ऐकू आले की जीव हरखतो. त्यांना वेळ द्या, मुलांना टोपी घालून फोटो काढू द्या, जिथे परवानगी आहे तिथेच. मारा किती लांब, माणसे किती, पुढे कुठे, असे प्रश्न आले की हसून "ते ऑफिसर सांगतील" म्हणायचे. अनोळखी व्यक्तीने फार आपुलकीने नंबर मागितला, नंतर मेसेज सुरू झाले, तर त्याच दिवशी आपल्या डिव्हिजनल ऑफिसरच्या, म्हणजे तुमच्या तुकडीच्या अधिकाऱ्याच्या, कानावर घाला.

लिबर्टी

एका बंदरात एकच ठिकाण ठरवा. पाच ठिकाणांची यादी केलेला मुलगा स्टेशनवर धावताना दिसतो. दोघे-तिघे मिळून जा आणि तिघांत एकाने तरी दारूला हात न लावता परत आणायची जबाबदारी घ्यावी. ही जबाबदारी कोणाची, ते गँगवे, म्हणजे जहाजाचा जिना, उतरण्याआधी ठरवा. आयकार्ड आणि जहाजाने दिलेला पास पुढच्या खिशात ठेवा. धक्क्याचे नाव तिथल्या भाषेत एका चिठ्ठीवर लिहून घ्या, फोनची बॅटरी संपली तरी टॅक्सीवाल्याला दाखवता येते. परतीची वेळ दहा वाजता असेल तर मनात आठ धरा. ॲड्रिफ्ट झालात, म्हणजे परतायला उशीर केलात, तर पुढच्या बंदरात तुम्ही डेकवरूनच शहर बघाल.

तुलाँमध्ये शहर नौदलाच्या गोदीला लागूनच आहे. फ्रेंच विमानवाहू जहाज शार्ल द गोल याचे हे घर. सकाळी कूर लाफायेतचा बाजार भरतो, सोमवारी नसतो. तिथे 'काद' मागा : हरभऱ्याच्या पिठाचा, भट्टीत भाजलेला, वरून मिरपूड घातलेला पातळ पोळा. शाकाहारी मुलांचे पोट आणि मन दोन्ही भरते. दुकानात शिरताना आधी "बाँजूर" म्हणायचे आणि मगच काय हवे ते बोलायचे. हे केले नाही तर समोरचा माणूस तुटकपणे वागतो आणि आपल्याला कारण कळत नाही. हॉटेलात "कराफ दो" म्हटले की नळाचे पाणी फुकट मिळते. रविवारी बरीच दुकाने बंद असतात, खरेदी शनिवारी उरका.

मग केबल कारने माँ फारोंवर जा. जोराचा वारा असला की ती बंद असते, आधी चौकशी करा. डोंगर साडेपाचशे मीटरहून उंच आहे आणि वरून सगळे बंदर दिसते. 27 नोव्हेंबर 1942 ला जर्मनांच्या हाती पडू नये म्हणून फ्रेंच नौदलाने आपला ताफा याच पाण्यात स्वतः बुडवला. जहाजावर राहणाऱ्या माणसाने वरून ते पाणी पाहावे आणि आपले जहाज आपल्या हाताने बुडवायची आज्ञा कशी ऐकली असेल याचा विचार करावा. त्यासाठी एखादी दुपार गेली तरी हरकत नाही.

जहाज इटलीतल्या नेपल्सला लागले तर सगळे ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पॉम्पेई या प्राचीन शहराकडे धावतात. जा, पण त्या लोकल गाडीत खिसेकापू फार असतात, पाकीट पुढे ठेवा. पिझ्झ्यात मरिनारा घेतलात तर त्यात टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल एवढेच असते. कॉफी काउंटरपाशी उभ्याने प्या, बसून महाग पडते.

पण माझे ऐकाल तर कॅसिनो नावाच्या गावाची गाडी धरा. नेपल्सहून थेट जाते आणि स्टेशनापासून दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांची दफनभूमी चालत जाण्याजोगी आहे. तिथल्या स्मारकाच्या संगमरवरी फलकांवर, ज्यांची कबर नाही अशा हजारो सैनिकांची नावे आहेत. त्यांत 5 मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक यशवंत घाडगे आहेत, रायगडच्या माणगाव तालुक्यातले. 10 जुलै 1944 ला टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीतले सगळे मेले किंवा जखमी झाले, तेव्हा ते एकटे मशीनगनच्या मोर्चावर धावून गेले. ग्रेनेड टाकला, टॉमीगनने एकाला मारले, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने मारले. नंतर शत्रूच्या गोळ्यांनी ते पडले. वय बावीस. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या (कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन) वेबसाइटवर नाव टाकले की फलक क्रमांक मिळतो, तो आधीच लिहून न्या. आपल्या गावचे आडनाव शोधा. मला सापडले होते, आणि मी तिथे बराच वेळ उभा होतो. डोके झाकायला टोपी आणि पाण्याची बाटली न्या, सावली कमी आहे.

ब्रिटनमध्ये पोर्ट्समथला स्टेशनाबाहेरच जुनी गोदी आहे, तिथे ब्रिटिश नौसेनापती नेल्सनचे जहाज एचएमएस व्हिक्टरी आहे. ते बघून वेळ उरला नाही तरी चालेल, पण दुसरा दिवस मिळाला तर रेल्वेने ब्रायटन आणि तिथून बसने पॅचम गाठा, मग टेकडीवर चालत 'छत्री' नावाच्या स्मारकापर्यंत. पहिल्या महायुद्धात ब्रायटनच्या इस्पितळांत मरण पावलेल्या हिंदू आणि शीख सैनिकांचे दहन तिथे झाले. पाऊस पडून गेला असेल तर वाट निसरडी असते, जुने बूट घाला. आणि कधी इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्याला लागलात तर हार्टलपूलला एचएमएस ट्रिंकोमाली बघा. मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेले, 1817 मध्ये पाण्यात उतरलेले जहाज आजही तरंगत आहे. लाकडावर हात ठेवून बघा.

पहिल्या दिवशी ड्यूटी वॉच तुमचा निघाला तर बदली मागत फिरू नका. पहिल्या दिवशी गेलेले रात्री परत येतात तेव्हा गाड्यांच्या वेळा, बंद दुकाने, स्वस्त जेवण, सगळी खबर घेऊन येतात. मेसमध्ये त्यांना चहा द्या, वही काढा आणि लिहून घ्या.