भरतीची क्रमवारी पाहून कॉलेज फुटबॉलचा संघ कसा जोखावा

अमेरिकी कॉलेज फुटबॉलमध्ये दर डिसेंबरात हायस्कूलची मुलं विद्यापीठांशी करार करतात आणि कुणाची भरती कितव्या क्रमांकाची यावर वाद रंगतात. हा क्रमांक थेट पुढच्या हंगामाला लावला की अंदाज हमखास चुकतो. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाची २०२२ ची भरती, भरतीची क्रमवारी लावणाऱ्या २४७स्पोर्ट्स या संकेतस्थळाच्या नोंदींत तोवरची सर्वोत्तम होती. त्याच वर्षी संघ ५ सामने जिंकला आणि ७ हरला. नवखी मुलं पहिल्या वर्षी बहुतेक बाकावर बसतात, सामने खेळतात ती आधीच्या वर्षांत घेतलेली.

म्हणून एका वर्षाची नव्हे, शेवटच्या चार वर्षांची यादी घ्या. दरवर्षी किती जण आले आणि त्यांत अशा संकेतस्थळांकडून पाचपैकी चार किंवा पाच तारे मिळालेले किती, एवढंच लिहून काढा. समजा २५, २२, २४ आणि २१ मिळून ९२ जण, त्यांत असे ५१. म्हणजे ५५ टक्के. याला ब्लू-चिप रेशो म्हणतात आणि विजेतेपदाच्या दावेदारीसाठी ५० टक्क्यांचा उंबरठा मानतात. अजिंक्यपद जिंकणाऱ्यांपैकी २०२१ ची जॉर्जिया त्याच्या कितीतरी वर होती, २०२३ ची मिशिगन थोडीशीच.

क्रमवारीत संघाच्या भरतीला मिळणाऱ्या एकूण गुणांवर विसंबू नका. गुण बेरजेचे असतात. पुढच्या प्रत्येक खेळाडूचं वजन कमी होत गेलं तरी २८ जण घेणारा संघ तशाच दर्जाचे १८ जण घेणाऱ्याच्या पुढे सरकतोच. दर खेळाडूमागचं सरासरी गुणांकन पाहा. आणि तारे काही अंशी मुलाला कुणी बोलावलं यावरही ठरतात. बड्या संघाने हात पुढे केला की गुणांकन वर सरकू शकतं. मग त्याच संघाची भरती भारी ठरते, हे जरा गोल फिरणंच झालं.

आता खरं काम: कोण अजून संघात आहे ते तपासा. संघ बदलताना वर्षभर बाहेर बसायची अट २०२१ मध्ये पहिल्या बदलासाठी आणि २०२४ मध्ये पुढच्या बदलांसाठीही उठली, त्यामुळे गळती वाढली. चार वर्षांच्या यादीतून गेलेल्यांची नावं खोडा, ट्रान्सफर पोर्टलमधून, म्हणजे विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून, आलेले वेगळे लिहा. ही पायरी गाळली तर आकडा जुन्या संघाचा निघतो. २०१९ मध्ये एलएसयूला (लुइझियाना स्टेट विद्यापीठ) अजिंक्यपद मिळवून देणारा जो बरो ओहायो स्टेटहून आला होता. एलएसयूच्या हायस्कूल भरतीत तो सापडणारच नाही.

मग खेळाडू मैदानात कोणत्या जागेवर खेळतो ते पाहा. ऑफेन्सिव्ह लाइनच्या, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांना अंगाने अडवणाऱ्या पुढच्या फळीतल्या मुलांचं शरीर सतराव्या वर्षी घडलेलं नसतं, तयार व्हायला दोन-तीन वर्षं लागतात. तिथे ताऱ्यांपेक्षा अनुभवी खेळाडूंची संख्या अधिक बोलते. चेंडू फेकून आक्रमण चालवणाऱ्या क्वार्टरबॅकचा अंदाज सर्वांत बेभरवशाचा: स्टेटसन बेनेट जॉर्जियात शिष्यवृत्तीविना आला आणि २०२१, २०२२ अशी दोन अजिंक्यपदं घेऊन गेला. अर्थात त्याच्याभोवती तारेवाल्यांची फौज होती.

शेवटी प्रतिस्पर्ध्याचा आकडा शेजारी मांडा. फरक ३०-४० टक्क्यांचा असेल तर बड्या संघाला झुकतं माप द्या. पाच-सात टक्क्यांचा असेल तर क्रमवारी बाजूला ठेवून प्रशिक्षक आणि दुखापती पाहा. २०२२ मध्ये टीसीयू (टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठ) उंबरठ्याखाली असूनही अंतिम सामन्यात पोचलं, तिथे जॉर्जियाने ६५-७ ने धुतलं. उलट २०२५ च्या हंगामात इंडियानाने प्रशिक्षक कर्ट सिग्नेटींच्या हाताखाली, रेशो उंबरठ्याच्या कितीतरी खाली असताना, एकही सामना न हरता अजिंक्यपद मिळवलं. तिथे बदलून आलेले, वयाने मोठे खेळाडू होते, क्वार्टरबॅक फर्नांडो मेंडोझासुद्धा कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संघातून आलेला. असा संघ दिसला की हायस्कूलचा रेशो सोडा आणि पोर्टलच्या यादीत प्रत्येकाने आधी किती सामने सुरुवातीपासून खेळले ते मोजा.