माकडतापाच्या पट्ट्यात गोचिडींचे हंगामी सर्वेक्षण कसे करावे

सिंधुदुर्गाच्या दोडामार्ग आणि बांदा परिसरात ज्याला माकडताप म्हणतात, तो क्यासनूर जंगलाचा आजार होय. 1957 साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात, सोरब तालुक्यातील क्यासनूर जंगलात माकडे मरू लागली आणि त्यांच्यामागोमाग माणसे तापाने आजारी पडली, तेव्हा प्रथम पिवळ्या तापाची शंका आली होती. पुण्याच्या तेव्हाच्या विषाणू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी हा विषाणू वेगळा असल्याचे आणि तो गोचिडींमार्फत पसरत असल्याचे सिद्ध केले. त्यानंतर अनेक वर्षे कर्नाटकापुरता वाटणारा हा आजार 2015 मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि 2016 मध्ये दोडामार्गात आढळला. त्यामुळे या पट्ट्यात हंगामभर गोचिडींची मोजणी करणारे पथक आता आवश्यक झाले आहे. हे काम प्रथमच हाती घेणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आणि आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी हे मार्गदर्शन आहे.

कामाचे वेळापत्रक गोचिडीच्या आयुष्यक्रमावरून आखावे. या आजाराची मुख्य वाहक हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा ही गोचीड अळी, निम्फ (अळी आणि प्रौढ यांमधली अवस्था) आणि प्रौढ अशा तीन अवस्थांत तीन वेगवेगळ्या प्राण्यांचे रक्त पिते. प्रौढ गोचिडी पावसाळ्यात गुरांवर आणि मोठ्या वन्य प्राण्यांवर दिसतात; पाऊस सरल्यावर अंड्यांतून अळ्या बाहेर पडतात, आणि साधारण डिसेंबरपासून मे महिन्यापर्यंत निम्फचा सुकाळ असतो. अळीने एखाद्या बाधित प्राण्याच्या रक्तातून घेतलेला विषाणू तिच्या शरीरात टिकून निम्फमध्ये उतरतो, आणि माणसाला चावते ती मुख्यतः निम्फ. नेमक्या याच महिन्यांत लोक भाजावळीसाठी, म्हणजे पेरणीपूर्वी जमीन भाजण्यासाठी, पातेरा (सुका पाचोळा) गोळा करतात, सरपण आणतात आणि काजूच्या बागेत वाकून पडलेल्या बिया वेचतात. म्हणून सर्वेक्षण ऑक्टोबरअखेर सुरू करून मेअखेरपर्यंत दर पंधरा दिवसांनी करावे. रुग्ण आढळल्यावर धावत जाऊन केलेल्या मोजणीत त्याआधीची स्थिती कळत नाही, आणि तुलनेला आधार नसलेला आकडा फारसा उपयोगाचा नसतो.

परवानग्यांचे काम पावसाळ्यातच उरकून घ्यावे. वनखाते, जिल्हा आरोग्य अधिकारी आणि ग्रामपंचायत या तिघांना लेखी कळवावे. उंदीर किंवा चिचुंद्र्या पकडायच्या असतील, तर त्यासाठीची वेगळी परवानगी मिळेपर्यंत सापळा लावू नये. खाजगी काजूबागेत पाऊल टाकण्यापूर्वी मालकाला भेटावे आणि आपण काय करणार, किती वेळा येणार, हे त्याच्या अंगणात बसून सांगावे. कोणत्या वहाळाच्या काठी वानर मेले होते, गुरे कोणत्या वाटेने रानात जातात, पातेरा कुठून आणला जातो, ही माहिती त्याच बैठकीत मिळते, आणि नकाशावर जागा ठरवताना तिचा जितका उपयोग होतो तितका दुसऱ्या कशाचाही होत नाही.

प्रत्येक वाडीजवळ किमान चार प्रकारच्या जागा निवडाव्यात: दाट जंगलाची कड, काजूची बाग, गुरांची वाट आणि घरामागचा परसू. प्रत्येक जागी 100 मीटर लांबीची पट्टी आखून तिच्या दोन्ही टोकांना न पुसणारी खूण करावी. झाडाला बांधलेली चिंधी एका पावसात नाहीशी होते. रंगवलेला दगड टिकतो.

गोळा करण्याची पद्धत दिसायला अगदी साधी आहे. एक मीटर रुंद आणि एक मीटर लांब असे पांढऱ्या फ्लॅनेलचे फडके एका काठीला शिवावे, खालच्या कडेला थोडे वजन घालावे आणि ते पाचोळ्यावरून सावकाश ओढत न्यावे. खुरट्या झुडपांत फडके ओढता येत नाही. तिथे ते झेंड्यासारखे धरून पानांवरून फिरवावे. दवाने ओले झालेल्या कापडाला गोचीड नीट धरत नाही, म्हणून दव सुकल्यावर काम सुरू करावे आणि ऊन कडक होण्यापूर्वी थांबावे. दर दहा मीटरला थांबून कापडाच्या दोन्ही बाजू तपासाव्यात, कारण चिकटलेली गोचीड पुढच्या झुडपाला घासून खाली पडते. ही घाई टाळणे नवख्याला सर्वांत जड जाते. निम्फ नाचणीच्या दाण्याएवढी असते आणि पहिल्या क्षणी मातीचा कण वाटते. नजर तिथेच ठेवली की तो कण पाय उचलून चालू लागतो. भिंगाखाली तिला आठ पाय दिसतात, अळीला सहा. अळ्या मात्र एकट्या सापडत नाहीत. एका मादीने घातलेल्या हजारो अंड्यांतून निघालेला त्यांचा पुंजका एकाच पानाच्या टोकाला बसलेला असतो, आणि फडके त्याला लागले की कापडावर तपकिरी डाग पसरल्यासारखा दिसतो. अशा वेळी चिमटा बाजूला ठेवून चिकटपट्टीने अळ्या उचलाव्यात आणि नोंदीत अंदाजे संख्या व 'पुंजका' असे दोन्ही लिहावे.

गुरांवरील गोचिडी मालकाच्या हातांनीच उतरवून घेणे चांगले, कारण जनावर त्याला ओळखते. कानाच्या आत, कासेवर, शेपटीच्या बुडाशी आणि गळ्याखालच्या लोंबत्या कातडीत पाहावे. प्रौढ गोचिडींची संख्या वाढण्यास गुरे कारणीभूत होतात, परंतु विषाणू वाढवण्यात त्यांचा वाटा नगण्य मानला जातो. हे मालकाला स्पष्ट सांगावे, नाहीतर आपल्या गाईवर ठपका आला असे समजून तो पुढच्या वेळी गोठ्याचे दार उघडत नाही.

मेलेले वानर किंवा माकड दिसल्यास पथकाने त्याला हात लावू नये. रक्त थंडावताच त्याच्या अंगावरील गोचिडी उतरून आसपास पसरतात, त्यामुळे ती जागा सर्वांत धोक्याची असते. स्थान नोंदवून वनखाते आणि आरोग्य विभाग यांना लगेच कळवावे. मृतदेहाभोवती 50 मीटरच्या परिघात कीटकनाशक टाकले जाते. टाकल्याची तारीख आपल्या वहीत आली नाही, तर पुढच्या फेरीत घटलेली संख्या हवामानामुळे घटली असा चुकीचा निष्कर्ष निघू शकतो.

पकडलेल्या गोचिडी कुठे जाणार आहेत, यावर त्या कशा ठेवायच्या हे ठरते. फक्त जात ओळखायची असेल, तर त्या 70 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवाव्यात. विषाणूची तपासणी करायची असेल, तर ओलसर कागद घातलेल्या घट्ट झाकणाच्या नळीत जिवंत ठेवून, शीतसाखळी न मोडता, म्हणजे वाटेत सतत थंड ठेवून, प्रयोगशाळेकडे पाठवाव्यात. एका नळीत एकाच जागेच्या, एकाच दिवशीच्या आणि एकाच अवस्थेच्या गोचिडी असाव्यात. चिठ्ठी शिसपेन्सिलने लिहून नळीच्या आत टाकावी, कारण पेनाची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते आणि मग कष्टाने जमवलेली नळी निनावी होते. गोचीड नखाने किंवा बोटांत कधीही चिरडू नये. या विषाणूवर काम करताना पूर्वी अनेक प्रयोगशाळा कर्मचाऱ्यांनाही लागण झाली आहे, हे पथकातील प्रत्येकाने लक्षात ठेवावे.

स्वतःच्या रक्षणासाठी फिकट रंगाची लांब विजार मोज्यांत खोचावी आणि परमेथ्रिन हे कीटकनाशक लावलेले कपडे वापरावेत. उघड्या त्वचेवर डीट (कीटकांना दूर ठेवणारे औषध) किंवा आरोग्य केंद्रातून मिळणारे गोचीड प्रतिबंधक तेल लावावे. पाचोळ्यावर बसून डबा खाऊ नये. परतल्यावर कपडे उकळत्या पाण्यात टाकावेत, आंघोळ करावी आणि केसांची कड, कानामागे, काख, कंबर, जांघ व गुडघ्यामागची बाजू दुसऱ्याकडून किंवा आरशात तपासून घ्यावी. चिकटलेली गोचीड बारीक टोकाच्या चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ, सलग ओढावी. तेल, चुना किंवा पेटती काडी लावू नये. चाव्यानंतर साधारण तीन ते आठ दिवसांत ताप येऊ शकतो, म्हणून शेवटच्या फेरीनंतरही दोन आठवडे रोज शरीराचे तापमान लिहावे. ताप, तीव्र डोकेदुखी किंवा अंगदुखी सुरू झाल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना रानातील कामाची माहिती द्यावी. पहिल्या दिवसांत आरटी-पीसीआर चाचणीने निदान होते, पुढे प्रतिपिंडांची चाचणी उपयोगी ठरते. या आजारात रक्तस्राव होऊ शकतो, त्यामुळे अॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन स्वतःच्या मनाने घेऊ नये.

सर्वांत जास्त आग्रह मी वहीसाठी धरीन. जागा, तारीख, सुरू व संपल्याची वेळ, तापमान, आर्द्रता, पाचोळ्याची जाडी, फडके ओढणाऱ्याचे नाव आणि अवस्थेनुसार संख्या, हे सारे पट्टी सोडण्यापूर्वी लिहिले गेले पाहिजे. काही सापडले नाही, तर रकाना रिकामा न ठेवता त्यात शून्य लिहावे. रिकाम्या रकान्यातून पथक तिथे गेले नाही की गेले आणि गोचीड मिळाली नाही, हे वर्षभराने कोणालाच सांगता येत नाही. नोव्हेंबरातील सलग शून्यांनंतर डिसेंबरात आलेले तीन आणि जानेवारीत आलेले सतरा, असा क्रम समोर असला तरच वाढ कधी सुरू झाली हे दिसते, आणि आरोग्य सेविकेला तेलाचे वाटप कोणत्या आठवड्यात सुरू करावे हे सांगता येते.

मेच्या शेवटच्या फेरीत दगडांवरील खुणा पुन्हा रंगवाव्यात आणि ज्यांच्या बागांत फिरलो त्या प्रत्येक घरी त्यांच्या जागेचे आकडे मराठीत लिहिलेला एक कागद द्यावा. कोणत्या महिन्यात, कोणत्या कडेला गोचिडी सर्वाधिक होत्या, हे वाचून घरातील माणसे पुढच्या वर्षी पातेरा कुठून आणायचा ते ठरवतात.