रुमालाला क्रोशाची शिंपलेदार किनार

वसईहून लोकलमध्ये बसायला मिळालं की मी पर्समधून क्रोशाची सुई काढते. क्रोशात सुईवर एकच फास उरतो. दादर आलं की तो वीतभर ओढायचा, पिशवीत कोंबायचा आणि उतरायचं. दोन सुयांच्या विणकामात असं केलंत तर टाके गळलेच म्हणून समजा! 1845 नंतर आयर्लंडात बटाट्याचं पीक गेलं, दुष्काळ पडला, तेव्हा तिथल्या बायकांनी महागड्या व्हेनिसच्या लेसची नक्कल क्रोशाने करून घरं चालवली. आंध्रात नरसापूरच्या बायकाही घरकाम सांभाळून क्रोशाची लेस विणतात.

सुती रुमाल, 20 नंबरचा दोरा (नंबर वाढला की दोरा बारीक), 1.25 मिमीची स्टीलची सुई आणि शिवणाची सुई घ्या. रुमाल आधी धुवा. मी एकदा कोरा रुमाल विणला. पहिल्याच धुण्यात कापड आटलं आणि किनारीला झालरी आल्या.

क्रोशाची सुई थेट कापडात घुसत नाही. म्हणून आधी शिवणाच्या सुईने, त्याच दोऱ्याने, कडेला 4 मिमीवर काजटाके (ब्लँकेट स्टिच) घाला.

मग प्रत्येक काजटाक्यात दोन मुके खांब. सुई घालून दोरा ओढा, सुईवर दोन फास झाले की पुन्हा दोरा घेऊन दोन्हींतून काढा. कोपऱ्यात तीन घाला. हात सैल ठेवा. मुंबईच्या घामट हवेत दोरा बोटाला चिकटतो आणि नकळत टाके आवळले जातात. रुमालाची वाटी होते. पाच-सहा टाक्यांनी कापड मांडीवर पसरून बघाच.

आता शिंपले: एक मुका खांब, दोन टाके सोडा, तिसऱ्यात पाच खांब, पुन्हा दोन सोडा, मुका खांब. खांबासाठी दोरा आधी सुईवर गुंडाळून मग सुई टाक्यात घालायची. तीन फास होतात, ते दोन-दोन करत दोनदा सोडवायचे. कोपऱ्यावर शिंपलाच यायला हवा, तोही सात खांबांचा. हिशेब चुकत असेल तर कोपऱ्याआधी एखादा टाका कमी-जास्त सोडा, कुणाला दिसत नाही.

शेवटी दोरा कापून फासातून ओढा, टोक उलट बाजूने लपवा. पातळ खळीत बुडवून उशीवर टाचण्यांनी ताणा, प्रत्येक शिंपल्याला एक टाचणी. पावसाळ्यात पंख्याखाली रात्रभर ठेवावं लागतं.