जुनी ब्रिटिश सिंगल (एका सिलिंडरची मोटरसायकल) किकने चालू करायची तर

बीएसए, नॉर्टनच्या 500 सीसी सिंगलला ताकद लावून काही होत नाही, सगळा खेळ पिस्टन कुठे आहे त्याचा. पेट्रोल चालू करा, इंजिन गार असेल तरच अमल कंपनीच्या कार्बोरेटरचा टिकलर (जास्तीचं पेट्रोल सोडणारं छोटं बटण) पेट्रोल दिसेपर्यंत दाबा, ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटोचा लिव्हर थोडा रिटार्ड करा, म्हणजे ठिणगी जरा उशिरा पडेल (हे विसरलात तर किक उलटी बसते आणि पाय चांगलाच शेकतो, म्हणून चपलेवर नकोच, बूट घाला). आता किक हळू दाबत न्या, कडक लागली की व्हॉल्व्ह लिफ्टर (व्हॉल्व्ह उघडून सिलिंडरमधला दाब सोडणारा लिव्हर) ओढून अगदी जरासं पुढे सरकवा, लिफ्टर सोडा, किक वर येऊ द्या आणि मग थ्रॉटलला हात न लावता पूर्ण खालपर्यंत एकच लांब किक, अर्धवट नाही. पेटली की लिव्हर परत अ‍ॅडव्हान्स.